काटक म्हणायला काय जातं?

मराठीत एखाद्याला कमी पैसे द्यायचे असतील तर आधी त्याला काटक म्हणावं. पुढची बोलणी सोपी जातात. सोसायटीची लिफ्ट बंद असते, फ्रीज चौथ्या मजल्यावर न्यायचा असतो, टेम्पोबरोबर आलेला माणूस पाठीला पट्टा आवळून जिना चढू लागतो आणि खाली हाताची घडी घालून उभा असलेला घरमालक कौतुकानं म्हणतो, "दिसतो एवढासा, पण आहे काटक!" झालं. जोडीला आणखी कुणी लागेल का, हा विषय तिथंच मिटला. तापातून उठून धुणंभांडी करायला आलेली मावशी काटक. पहाटे चारला दुधाच्या पिशव्या टाकणारं पोरगं काटक. डोक्यावर पाटी आणि पाठीला पोर बांधून शिडी चढणारी बाई तर विचारूच नका. लहानपणापासून हा शब्द मी ऐकतोय, पण "साहेब, मी काटक आहे, मला थोडं कमी द्या" असं म्हणणारा अजून भेटलेला नाही. हे विशेषण नेहमी दुसऱ्यानं लावायचं असतं, आणि लावणारा बहुधा बसलेला असतो.

शब्दाशी माझं वैर नाही. उलट फार नेमका शब्द आहे. अंगावर मांस बेताचं, पण जे आहे त्याला पीळ. दिसायला बारीक आणि उन्हाला, पावसाला, आजाराला दाद न देणारा. हे सगळं तीन अक्षरांत. ‘दणकट’ला आडवं अंग लागतं. ‘राकट’मध्ये चेहऱ्याचा आणि बोलण्याचा खरबरीतपणा येतो. ‘चिवट’ माणसाला लागतो तसा न शिजलेल्या मटणालाही लागतो, आणि माणसाला लावला तरी त्यात जरासा वैताग असतोच. ‘कणखर’ नेत्यांच्या होर्डिंगवर गेला, तो आता परत यायचा नाही. ‘शिडशिडीत’ नुसता बांधा सांगतो, ताकदीचं नाव काढत नाही. काटक या सगळ्यांहून निराळा, आणि म्हणूनच त्याचा असा वापर पाहिला की डोकं फिरतं.

कारण त्याच्या शेजारीच, त्याचाच सख्खा वाटावा असा, ‘काटकुळा’ उभा आहे. काटकुळ्याची कीव करायची, काटकाचं कौतुक. या दोघांत फरक काय? वजनकाट्यावर काहीही नाही. तोच पंचेचाळीस किलोचा माणूस सरकारी दवाखान्याच्या बाकावर खोकत बसला की काटकुळा, आणि साइटवर सिमेंटचं पोतं उचलू लागला की काटक. विशेषण त्याच्या शरीरावरून ठरत नाही, आपल्याला त्याच्याकडून काय हवंय त्यावरून ठरतं. हेच अंग पैसे भरून, ट्रेनर लावून, रात्रीचं जेवण सोडून कमावलं तर त्याला काटक म्हणायची कुणाची प्राज्ञा नाही. तिथं ‘फिट’, ‘लीन’ वगैरे. स्थळांच्या जाहिरातींत ‘सडपातळ’ शेकड्यानं वाचलं, ‘काटक’ एकदाही नाही, कारण तिथं घरात आणायचं माणूस शोधत असतात, कामाला नव्हे. (असतात कामालाच, पण तसं छापत नाहीत.)

या शब्दाचा सगळ्यात प्रामाणिक वापर जनावरांच्या बाजारात होतो. डांगी बैल काटक, म्हणजे इगतपुरी-अकोले पट्ट्यातल्या मुसळधार पावसात आणि चिखलात टिकणारा. उस्मानाबादी शेळी काटक, म्हणजे दुष्काळी मुलखात काट्याकुट्यावर जगून करडं देणारी. अर्थ उघडा आहे: खर्च कमी, उत्पन्न बरं. व्यापारी तो लपवत नाही आणि शेळीलाही त्यात काही गौरव वाटत नाही. माणसाला काटक म्हणताना अर्थ हाच असतो, फक्त वर कौतुकाचा वर्ख चढवलेला.

बरं, ताकद खाण्यातून येते हे आपल्याला ठाऊक नाही असं थोडंच आहे? पैलवानाला खुराक लागतो हे महाराष्ट्रातलं शेंबडं पोरही सांगेल. कोल्हापूरच्या तालमी दूध, तूप, बदाम आणि थंडाई यांचा हिशेब धरूनच चालतात. गडी काटक आहे, त्याचं चटणी-भाकरीवर भागेल, असं म्हणणारा वस्ताद दाखवा. आखाड्यात चार तास अंग झिजवणाऱ्याला खुराक, आणि मार्केट यार्डात दिवसभर पोती वाहणाऱ्याला विशेषण.

एवढं बोललं की कुणीतरी मावळा पुढं करतो. करतोच. "अहो, मूठभर काटक मावळ्यांच्या जोरावर स्वराज्य उभं राहिलं!" मावळे काटक होते याबद्दल वाद नाही, सह्याद्रीच्या घाटवाटांवर दुसऱ्या अंगाचा माणूस टिकलाच नसता. पण ज्या राजानं ते सैन्य उभं केलं त्यानं नुसत्या काटकपणावर भिस्त ठेवली होती का? चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना महाराजांनी लिहिलेलं पत्र आपल्याकडे भाषणाभाषणांतून गाजतं. त्यात आहे काय? दाणावैरणीचा हिशेब. पावसाळा पार पडेपर्यंत साठा पुरवून वापरा. आताच उधळलात तर पुढं घोडी उपाशी मरतील आणि तुम्ही रयतेच्या घरात हात घालू लागाल. आमची घोडी काटक आहेत, निभावून नेतील, असा सूर तिथं नाही. पोटाची सोय आधी, शौर्याची अपेक्षा मागाहून. आपण त्यातलं शौर्य तेवढं ठेवून घेतलं आणि वैरणीचा कागद फाडून टाकला.

आणि मराठी माणूस मुळातच, रक्तातच काटक, हेही ऐकून घ्यावं लागतं. सातव्या शतकात, पुलकेशी दुसऱ्याच्या राज्यात ह्युएन त्संग येऊन गेला. त्यानं इथल्या माणसांचं वर्णन केलंय ते उंच आणि स्वाभिमानी, उपकार न विसरणारे आणि अपमानही न विसरणारे असं. उंच! त्यानंतर दुर्गादेवीचा दुष्काळ आला, १६३० चा आला, १८७६ चा आला, १८९६ चा आला आणि तो सरतो न सरतो तोच १८९९ चा. इतक्या चाळण्यांतून गळून जो उरला त्याच्या बरगड्यांना वंशाचं वैशिष्ट्य म्हणायचं, ही कमाल आपणच करू जाणे.

याच जातीचं दुसरं वाक्य म्हणजे "पूर्वीची माणसं काटक होती हो." हे बहुतेक जेवणाच्या टेबलावर, दुसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेताना उच्चारलं जातं. १९५१ च्या सुमारास भारतात जन्माच्या वेळी अपेक्षित आयुष्य होतं बत्तीस वर्षांच्या आसपास. आजोबा नव्वदीपर्यंत जगले, दहा मैल चालत बाजाराला जात, हे खरं असेल. त्यांची जी भावंडं पाळण्यातच गेली त्यांच्या तब्येतीबद्दल बोलायला मात्र कुणी मागं राहिलं नाही. दहा बाळंतपणं आणि हाताशी चार पोरं, अशा घरांतल्या त्या चौघांवरून आपण अख्ख्या पिढीची प्रकृती ठरवतो.

पण घरातल्या गप्पा सोडा. काटकपणाचं हे तत्त्वज्ञान सरकारी दरपत्रकावर चढलं ते १८७७ साली. त्याआधी तीन वर्षं रिचर्ड टेंपल नावाच्या अधिकाऱ्यानं बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले होते. शाबासकी मिळायची ती राहिली बाजूला, उधळेपणाचा ठपका मात्र बसला. हुशार अधिकारी असा धडा एकदाच घेतो. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटननं त्याला दख्खन आणि मद्रासच्या दुष्काळावर धाडलं तेव्हा त्यानं दुष्काळी कामावरच्या पुरुषाची दिवसाची मजुरी आणून ठेवली एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. त्यातून मिळणार दीड हजाराच्या आसपास कॅलरी. काम? खडी फोडणं आणि माती वाहणं. जड अंगमेहनतीच्या पुरुषाला आज आयसीएमआर साडेतीन हजारांच्या जवळपास कॅलरी सांगते. टेंपलचा हिशेब असा की एवढ्यात ही माणसं तगतात, करून बघायला काय हरकत आहे.

मद्रासचा आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश कागदावर कागद लिहून बजावत होता की अशानं लोक मरतील. इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी हजारोंनी कामं टाकली. उपाशी माणसांनी, समोर दुसरं कुठलंही अन्न दिसत नसताना केलेला तो संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, म्हणजे सार्वजनिक काकांच्या मंडळींनी, त्यांची बाजू सरकारपुढं मांडली. टेंपलचं काय झालं? त्याच साली तो मुंबईचा गव्हर्नर झाला. पुढं १८८३ मध्ये जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण झाला. त्यात शेतकऱ्याच्या घराची, अंगावरच्या चिंध्यांची आणि ताटातल्या अन्नाची दशा आहे. शेतकऱ्याच्या काटकपणाला ओवाळत बसायला फुल्यांना वेळ नव्हता.

तुम्ही म्हणाल, गोरा साहेब, तो असंच वागायचा. मग पुण्यात या. पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्याच्या बुध गावचे, जगभर नाव झालेले संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत (एफएओ) वरच्या जागेवर काम करून परतलेले. १९७१ मध्ये अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी दारिद्र्याची रेषा ओढताना माणशी दिवसाला २,२५० कॅलरींचं माप धरलं होतं. सुखात्म्यांनी त्याला हरकत घेतली: शरीर रोज तेवढंच मागत नाही, कमी मिळालं तर काही मर्यादेपर्यंत ते जुळवून घेतं, तेव्हा सरासरीच्या खाली दिसेल त्या प्रत्येकाला उपाशी म्हणू नका. संख्याशास्त्र म्हणून त्यात तथ्य होतं. स्वच्छ पाणी द्या, हगवण आणि जंत आवरा, हा त्यांचा आग्रह तर शंभर टक्के रास्त. पण त्यांनी संपादित केलेल्या आणि १९८२ मध्ये पुण्यातूनच निघालेल्या ग्रंथात डेव्हिड सेक्लर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा लेख आला, ‘स्मॉल बट हेल्दी’. चण लहान, पण ठणठणीत. सौम्य-मध्यम कुपोषणात वाढलेली खुजी पोरं ही आजारी नव्हेत, परिस्थितीशी जमवून घेतलेली आहेत, असा त्याचा सिद्धान्त. तळटीपांसकट काटक! फ्रीजखाली वाकलेल्या माणसाकडे बघून घरमालक जे म्हणतो तेच, फक्त विद्वत्तेच्या भाषेत.

सी. गोपालन यांनी त्याचे वाभाडे काढले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत वर्षानुवर्षं काम केलेला तो माणूस. उपासमार त्यानं वॉर्डात पाहिली होती. खुजेपणालाच आरोग्य म्हणू लागलात तर दारिद्र्याला मान्यता देऊन मोकळे व्हाल, असा त्यांच्या टीकेचा रोख. दांडेकरांनीही सुखात्म्यांशी वाद घातला, आणि आपल्या विद्वानांत निदान एकदा तरी पोटाच्या प्रश्नावर हातघाई झाली एवढं समाधान. बाकी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली, २५.६ टक्के उंचीच्या मानानं रोडावलेली आणि १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका रक्तक्षयी. द्राक्षं निर्यात करणारं, साखरेनं गोदामं भरणारं राज्य हे.

शिवाय हा शब्द ज्या नजरेतून येतो ती नजरच खोटी आहे, हे दाखवलं तेही पुण्यानंच. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन यूडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. चरबी मात्र यूडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून दोघेही तसेच. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या गटानं १९९३ पासून जो अभ्यास चालवला त्यातली बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली, इंग्रज बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण त्यांच्यात कमतरता होती ती मुख्यतः स्नायूंची, चरबी त्या मानानं राखलेली. आईच्या पोटातच टंचाई भोगलेलं शरीर असं वागतं. हेल्स आणि बार्कर या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये जी उपपत्ती मांडली तिचं नाव मराठीत आणायचं तर काटकसरी देह असंच आणावं लागेल. तो आधी काटकसर करतो आणि चाळिशीत मधुमेहानं व्याजासकट फेडतो. तेव्हा बारीक माणूस दिसला की तो आतून पोलादी असणार हा आपला समज म्हणजे निव्वळ आळस. तपासायला नको, विचारायला नको, काय खाल्लंस म्हणून.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघणाऱ्या ट्रकांच्या मागं जा. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. दोन माणसांना मिळून एका अवजाराचं नाव, आणि हिशेबही एकच. मुकादमाची उचल डोक्यावर. ती फिटेपर्यंत तोडायचं. खाडा झाला की दंड. बाई पहाटे उठते, कोपीपुढं, म्हणजे खोपटापुढं, चूल पेटवते, पाणी आणते, फडात तोडायला लागते, मोळ्या बांधते, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते आणि रात्री पुन्हा चूल. फडात आडोसा नाही. पाळीच्या दिवसांत बसायला जागा नाही. आणि बांधाला गाडी लावून रस पिणारे आमचे लोक म्हणतात, "या बायका काय काटक असतात हो!"

२०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. बीड जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कुणाला कॅन्सरची भीती घातलेली, कुणाला खाडा परवडत नव्हता, कुणी वर्षानुवर्षं अंगावरून जाणाऱ्या पाण्याला कंटाळलेली. काटक बाईला आजारी पडायची सोय नसते. पडलीच तर तेवढा भाग काढून तिला परत फडात पाठवायचं. तोडणीच्या दरात जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, तीही संघटनांनी कोयता बंद ठेवायची भाषा केल्यावर आणि बैठकांवर बैठका झडल्यावर. त्या बैठकांत या बायकांच्या काटकपणाचं कौतुक झालं असतं तरी टनामागं एक पैसा वाढला नसता.

याच बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाच्या धावपटूंच्या मध्ये घुसून त्यानं रौप्यपदक आणलं, वेळ ८ मिनिटं ११.२० सेकंद. लगेच वर्णनं सुरू झाली: वीटभट्टीवर राबणारे आईबाप, शाळेसाठी रोजची सहा किलोमीटरची पायपीट, आणि त्यातून घडलेला काटक देह. अहो, शाळेसाठी मैलोन्‌मैल चालणारी पोरं त्या मुलखात हजारोंनी आहेत. स्टीपलचेसचं पदक एकाच्याच गळ्यात आहे. साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. तिथं पोटभर जेवण होतं, इतकं की एका काळी त्याचं वजन वाढलं आणि ते उतरवावं लागलं. तिथं प्रशिक्षक होते, दुखापतीला डॉक्टर होते, झोपेला वेळ होता. खरं काटक शरीर असं बनतं. ते महाग असतं. त्याची किंमत कुणीतरी, या ठिकाणी भारतीय लष्करानं, रोजच्या रोज भरलेली असते. गरिबीला त्याचं श्रेय देणारे पत्रकार गरिबीकडून पुढचं पदकही फुकटात मागतायत.

पाठीवर ओझं वाहणाऱ्यांच्या बाबतीत महाराष्ट्रानं एक काम मात्र बरं केलं, आणि ते विशेषणानं केलं नाही. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यांमागून १९६९ मध्ये माथाडी कायदा आला. मजुरी मंडळामार्फत, फंड, दवाखाना. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ काढलं, म्हणजे हमालाला स्वस्तात पोटभर जेवण मिळेल अशी सोय. हमाल जेवतो, ही गोष्ट कुणाच्यातरी लक्षात आली! आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९६७ मध्येच प्रौढ पुरुषानं वाहायच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली होती. आपल्याकडे क्विंटलचं पोतं पन्नासावर यायला भांडावं लागलं, आणि त्या भांडणात समोरच्या बाजूचा मुद्दा ठरलेला असे: यांना सवय आहे, हे काटक आहेत.

हल्ली ठेकेदारांची आणि गोदामवाल्यांची एक तक्रार जिथं तिथं ऐकू येते. आताची पोरं पूर्वीसारखी काटक राहिली नाहीत. दुपारी उन्हात थांबतात. जेवायला सुट्टी मागतात. आजारी पडली तर चक्क घरी राहतात, आणि पन्नासच्या वरचं पोतं दिसलं की सरळ नाही म्हणतात. ओळखीतल्या एका गोदामवाल्याला मी विचारलं, मग माल कसा हलवता? तो वैतागून म्हणाला, "हायड्रॉलिक ट्रॉली घ्यावी लागली ना! पंधरा हजारांत आली."